हॅदर्ली ते विनस्टो: साडेसात किलोमीटर आणि एक फाटक

"तिकीट हवंय ना? मग चालून दाखवा," असं मी माझ्या शहात्तर वर्षांच्या वडिलांना म्हणाले, आणि म्हणताना मला मनातून पक्कं ठाऊक होतं की ते त्यांना जमायचं नाही. आता लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण प्रवासाची हकिगत सांगायला बसलेय तर पहिल्याच ओळीत खोटं कशाला बोला?

बाबा आमच्याकडे सिडनीला, कॅसल हिलला, तीन महिन्यांसाठी आले होते. जानेवारीत आले, मार्चमध्ये विमानं बंद झाली, आणि तीन महिन्यांचे बघता बघता बावीस महिने झाले. मी वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे कोरोना म्हणजे काय ते मी रोज आठ तास नळ्यांतून बघत होते. मधे भारतात जायला खास विमानं सुटली, ओळखीपाळखीतल्या दोघा-तिघांचे आई-वडील परतसुद्धा गेले. दर वेळी माझ्याकडे नवं कारण तयार असायचं. तिकडे केसेस वाढल्यात. तिकडे बेड नाहीत. तिकडे भोरला तुमच्याजवळ कोण आहे? मग दुसऱ्या लाटेत नाशिकला माझे सासरे गेले. शिरीषने, माझ्या नवऱ्याने, आपल्या वडिलांचं शेवटचं सगळं सोफ्यावर बसून फोनवर बघितलं. त्या दिवसानंतर मी बाबांना जे घट्ट धरून ठेवलं, ते काही सोडलं नाही. जूनमध्ये, इकडच्या हिवाळ्यात, त्यांना एकदा ओट्याशी उभं असताना चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, काही विशेष नाही, पाणी कमी प्यायलात. पण ती एक चक्कर मी सहा महिने वापरली.

ऑक्टोबरात लॉकडाऊन उठला, नोव्हेंबरात दोन डोस झालेल्यांना विमानं खुली झाली, आणि बाबांनी सकाळी चहा पिता पिता विषय काढला.

"वृंदे, आता माझं तिकीट काढ."

"बाबा, सिंगापूरला विमान बदलावं लागतं. केवढं चालावं लागतं माहितेय? मधेच चक्कर आली तर?"

"किती चालावं लागतं? अंतर सांग."

"अंतर काय अंतर! खूप."

"खूप हे अंतर नव्हे," बाबा म्हणाले. बाबांनी छत्तीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात काढली. शेताचे बांध, हद्दी, पाणंदी, हे त्यांचं आयुष्य. त्यांच्यासमोर 'खूप', 'जरासं', 'इथंच पलीकडे' असले शब्द वापरायची सोय नाही. मग कप खाली ठेवून ते म्हणाले, "कट्ट्यावर आम्ही सहाजण बसत होतो. मला धरून चार उरलोत. उरलेल्यांना भेटू दे की गं."

आपली बाजू लंगडी पडली की माझा आवाज चढतो. त्या चढलेल्या आवाजातच मी ती चालून दाखवायची अट घातली.

जागा सुचवली शिरीषने. खरं म्हणजे बाबांच्या पंचाहत्तरीला मी त्यांना इंग्लंडला नेणार होते. तिकडे गावागावांमधून शेतातल्या पायवाटा आहेत, शेत खाजगी असलं तरी वाट सगळ्यांची, कोणीही यावं आणि हक्काने चालावं. बाबांना हे कुणीतरी नोकरीच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं आणि त्यांचा त्यावर अजून विश्वास बसलेला नव्हता. आपल्या शेतातून परक्याला जाऊ देणारा शेतकरी मला एकदा डोळ्यांनी बघायचाय, असं ते म्हणायचे. ते इंग्लंड कोरोनात वाहून गेलं. शिरीषच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं की सिडनीच्या दक्षिणेला दोन तासांवर हॅदर्ली आणि विनस्टो अशी दोन शेजारशेजारची गावं आहेत, इंग्लंडातून आलेल्या लोकांनी वसवलेली, आणि त्यांच्यात अगदी तशीच वाट आहे. पूर्वी चर्च फक्त विनस्टोला होतं. हॅदर्लीची माणसं रविवारी शेतांमधून चालत प्रार्थनेला जायची. ती वाट सरकारी नकाशात रस्ता म्हणून आजही आहे. लांबी साडेसात किलोमीटर.

"गाव ते गाव," मी म्हणाले. "गाडी नाही, माझा हात धरायचा नाही. बसा हवं तितकं. विनस्टोला पायांनी पोचलात तर त्याच दिवशी तिकीट. नाही पोचलात तर पुन्हा सहा महिने विषय काढायचा नाही."

"मंजूर," बाबा म्हणाले आणि त्यांनी चक्क माझ्याशी हस्तांदोलन केलं.

हॅदर्ली

शिरीषने आम्हाला साडेनऊला हॅदर्लीत सोडलं आणि तो गाडी घेऊन विनस्टोला पुढे गेला. हॅदर्ली म्हणजे काय, तर एकच रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी घरं, प्रत्येक घरापुढे गुलाब, आणि एक बेकरी. बेकरीच्या दारात क्यूआर कोड, सॅनिटायझर आणि 'आत एका वेळी दोघेच' अशी पाटी. फोनवरची लशीची सर्टिफिकेटं दाखवून मी आत गेले आणि दोन कॉफ्या घेतल्या. काउंटरवरच्या बाईने मास्कमधूनच विचारलं, कुठे निघालात? विनस्टोला चालत म्हटल्यावर तिने बाहेर उभ्या असलेल्या बाबांकडे बघितलं. पांढरा शर्ट इस्त्री केलेला, तपकिरी पँट, डोक्यावर शिरीषची क्रिकेटची हॅट, हातात माझी छत्री. काठी घ्या म्हटलं तर अंगावर आले होते, काठी म्हातारी माणसं घेतात म्हणून. छत्री चालत होती.

"गुड ऑन हिम," बाई म्हणाली आणि एक ब्राउनी फुकट दिली.

बेकरीच्या मागून वाट सुरू होते. पहिल्याच फाटकावर पाटी होती: फाटकं जशी असतील तशी ठेवा. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. मी मोठ्यांदा वाचून दाखवली. बाबांनी मान हलवली. पण त्यांचं लक्ष पाटीकडे नव्हतंच, ते एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत मोजून पावलं टाकत होते. तिकडच्या टोकाला गेले, परत आले, आणि चेहरा असा फुलला की विचारू नका.

"सहासष्ट फूट!"

"म्हणजे?"

"अगं म्हणजे दोन साखळ्या. आपली मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे एक गुंठा, एवढं तरी शिकवलं होतं ना तुला? हा रस्ता बरोबर दोन साखळ्या रुंद आहे. दीडशे वर्षांपूर्वी जेवढा आखला तेवढाच. कुणी वीतभर खाल्लेला नाही."

"यात एवढं नवल काय?"

"नवल काय म्हणतेस! आपल्याकडे दर पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी नांगराचा एकेक तास आत आला असता. वीस वर्षांत बैलगाडीच्या रस्त्यावरून शेळी जायची पंचाईत. आणि मग मोजणीदाराला बोलवा, आणि त्याच्या साखळीवर आडवे पडा." त्यांच्या साखळीवर खरोखर एक माणूस आडवा पडला होता. बायकोने डबा आणेपर्यंत उठला नाही, आणि डब्यातली अर्धी भाकरी त्याने आडव्या आडव्याच बाबांना दिली. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. त्या सकाळी एकशे एकावी वेळ झाली, पण त्या हिरव्यागार माळावर ती मला पहिल्यांदा गोड वाटली.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. सिडनीकरांनी वैतागून शिव्या घातल्या त्याच पावसाने इकडच्या टेकड्या अशा हिरव्या करून ठेवल्या होत्या की महाबळेश्वरच्या अलीकडच्या उतरणीची आठवण व्हावी. गवत गुडघ्याएवढं. मधूनच निलगिरीचं एखादं एकटं झाड, नाहीतर इंग्लंडहून आणून लावलेल्या झाडांची रांग. हवेला ओल्या गवताचा आणि शेणाचा वास. बावीस महिने मी जंतुनाशकाच्या वासात काढले होते, त्यामुळे तो शेणाचा वास मी अक्षरशः छाती भरून घेतला. बाबा हसले. म्हणाले, लहानपणी नाक दाबून पळायचीस.

दुसऱ्या फाटकापुढे एक पक्षी कर्कश ओरडत आमच्या डोक्यावर झेपावला. मी किंचाळून खाली बसले. बाबांनी शांतपणे छत्री उघडली आणि म्हणाले, "टिटवी आहे. घाबरतेस काय? जमिनीवर अंडी असणार, आपणच बाजूने जाऊ." खरोखरच टिटवीच होती, फक्त आपल्या टिटवीच्या तोंडाशी लाल असतं तिथे हिला पिवळं होतं. आम्ही लांबून वळसा घातला, तरी ती शंभर पावलं आमच्या मागे ओरडत आली. बाबा तिला मराठीत समजावत होते, हो बाई हो, चाललो आम्ही.

आणि मी काय करत होते? खरं सांगते, मी त्यांच्या चालण्यावर नजर ठेवून होते. पाऊल ओढतायत का, दम लागतोय का, गुडघ्यावर हात जातोय का. एकदा ते एका ओंडक्यावर बसले तेव्हा मला बरं वाटलं. ते उठून पुन्हा चालायला लागले तेव्हा जरा कमी बरं वाटलं. अशी मुलगी देवाने कुणाला देऊ नये.

तिसरं फाटक

तिसरं फाटक साडेतीन किलोमीटरवर होतं आणि ते सताड उघडं होतं. लोखंडी, चांगलं बारा फुटी, गवतात रेलून उभं. अलीकडे चढावर काळ्या गाई चरत होत्या, वीसेक तरी. पलीकडे झाडांखाली उंच गवत, बाकी काही नाही.

बाबा आत आले, मी आत आले, आणि बाबांनी ते फाटक ओढलं, कडी घातली आणि हात झटकले.

"कोणीतरी विसरलेलं दिसतंय," ते म्हणाले. "गुरं शिरली असती पुढच्या शेतात."

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? पाटी मी स्वतः वाचली होती, तासाभरापूर्वी, मोठ्यांदा. तरी मला त्यात काही चुकलं असं वाटलंच नाही. उलट मी म्हणाले, "बरं झालं बाबा, लोकांना काही पडलेलीच नसते." आमच्या आजोळी वाडीचं बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, उघडं टाकून आलं की पाठीत धपाटा बसायचा. उघडं फाटक म्हणजे कुणाचा तरी निष्काळजीपणा, हे आमच्या रक्तातच आहे. मागून येणाऱ्याने ते लावायचं, याला पुन्हा पाटी कशाला वाचायला हवी? दोघंही चांगलं काम केल्याच्या समाधानात पुढे निघालो.

साडेपाच किलोमीटरवर ओढा लागला. पाणी स्वच्छ, काठाला गवताची गादी. बारा वाजायला आले होते, ऊन चांगलंच तापलं होतं. मी दशम्या, लसणाची चटणी आणि बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी बाहेर काढली. बाबांनी बूट काढून पाय पाण्यात सोडले. त्यांचा उजवा गुडघा सुजला होता. त्यांनी पँट पटकन खाली ओढली, पण मी पाहिलं ते पाहिलंच.

"दोनच किलोमीटर उरलेत," ते म्हणाले. "एक वाजता विनस्टो. शिरीषला सांग, तिकिटाची वेबसाइट उघडून ठेव म्हणावं."

"आधी पोचा तर," मी म्हणाले. पण ते पोचणार हे मला तेव्हा कळलं होतं. आणि मला आनंद झाला नाही, हेही सांगून टाकते. हातातली दशमी मी पुन्हा डब्यात ठेवली.

वारा आम्ही आलो त्या बाजूने वाहत होता. त्या वाऱ्यावर हंबरणं येत होतं. मला काय, गाय म्हणजे हंबरायचीच. पण बाबांचा हात दशमीवरच थांबला. त्यांनी कान दिला.

"हे चाऱ्याचं हंबरणं नाही," ते म्हणाले. "वासरासाठी आहे. आणि एक नाही, सगळ्या मिळून ओरडतायत." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "वृंदे, त्या झाडांखालच्या गवतात वासरं बसलेली असणार. गवतात आपल्याला दिसली नाहीत. फाटक कोणी विसरलं नव्हतं गं. मायलेकरांना जा-ये करायला उघडं ठेवलं होतं. ते मी बंद करून आलो."

"मालक बघेल की येऊन."

"कधी बघेल? संध्याकाळी? एखादी तारेत घुसली तर कास फाडून घेईल." ते बूट घालायला लागले.

"बाबा! दोन किलोमीटर मागे आहे ते. तुमचा गुडघा बघा. जाऊन परत पुढे यायचं म्हणजे आणखी सहा किलोमीटर चालायचं, कळतंय का? विनस्टो व्हायचं नाही तुमच्याने."

"कळतंय."

"मग तुम्ही बसा सावलीत. मी जाऊन उघडून येते."

"तू?" बाबांना त्यातही हसू आलं. "वीस गाई फाटकाला छाती लावून उभ्या असतील. तू कडीपर्यंत हात नेशील?"

मी गाईंना घाबरते. लहानपणापासून. रक्ताच्या, थुंकीच्या, वाटेल त्या नमुन्यांत मी बिनधास्त हात घालते, पण गाय दोन पावलं माझ्याकडे आली की माझा धीर संपतो. फोन काढला तर रेंजचा पत्ता नाही. बाबा तोवर वाटेला लागलेसुद्धा होते, उलट्या दिशेने.

वाटेत मी एकदा म्हणाले, "अट मोडली तर मग मला बोलायचं नाही हं." ते म्हणाले, "अट तुझी-माझी आहे. त्या गाईंनी काय केलंय?" नंतर ते फक्त छत्री टेकत, दातावर दात दाबून चालत राहिले. मला त्यांचा इतका राग येत होता आणि इतका अभिमान वाटत होता की माझं मलाच कळेना, रडावं की ओरडावं.

फाटकाशी बाबा म्हणाले होते तसंच दृश्य होतं. गाई फाटकाला रेटून ओरडत होत्या, आणि अलीकडून दहा-बारा काळी वासरं तोंड वर करून उत्तर देत होती. मी एका झाडामागे उभी राहिले, अगदी निर्लज्जपणे. बाबा वासरांच्या मधून गेले. "सर, सर मागं. हो बाय, हो, थांब जरा. माझीच चूक. सर." ऑस्ट्रेलियातल्या त्या गाई भोरच्या भाषेत ऐकत होत्या. पुढच्या गाईच्या कपाळावर हात ठेवून त्यांनी तिला एक पाऊल मागे घेतलं, कडी काढली आणि फाटक स्वतःकडे ओढत ते त्याच्या आड उभे राहिले. सगळ्या एकदम आत घुसल्या. मिनिटाभरात सगळीकडे चुपूचुपू दूध प्यायचा आवाज, बाकी सगळं शांत. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वासरांकडे बघून आलं असं मी नंतर शिरीषला सांगितलं.

तेवढ्यात चढावरून एक यूट आली, म्हणजे मागे सामानाचा हौदा असलेली शेतावरची गाडी. हौद्यात कुत्रा, आत साठीची एक उंच बाई, उन्हाने लालबुंद झालेली, आणि आता रागानेही.

"माझं फाटक कोणी लावलं?" खाली उतरता उतरता ती ओरडली. "तुम्हा शहरातल्या लोकांना पाटी वाचता येत नाही?"

मी झाडामागून बाहेर येऊन सारवासारव करणार, इतक्यात बाबा पुढे झाले. हॅट काढली, खिशातला मास्क नाकावर चढवला, आणि सरकारी पत्रातल्या इंग्लिशमध्ये म्हणाले, "मॅडम, आय हॅव क्लोज्ड युवर गेट. माय डॉटर इज नॉट रिस्पॉन्सिबल. आय केम बॅक टु ओपन इट. आय ऍम सॉरी."

बाई थांबली. "परत आलात? कुठून?"

"क्रीक."

"ओढ्यापासून? चालत?" तिने बाबांच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सगळं सांगितलं, आमच्याकडे उघडं फाटक म्हणजे विसरलेलं फाटक, म्हणून.

"इथे उघडं फाटक म्हणजे मी उघडं ठेवलेलं फाटक," ती म्हणाली, पण आता ती हसत होती. "पंचवीस वर्षं लोक माझी बंद फाटकं उघडी टाकून जातात. उघडं लावून जाणारे तुम्ही पहिलेच. आणि परत येणारे तर जगात पहिले, मेट."

तिचं नाव ग्वेन. बाबांनी लगेच तिला विचारलं, तुमच्या जमिनीतून लोक जातात, तुम्हाला राग येत नाही? मी दुभाषी. ग्वेन म्हणाली, येतो की, दर शनिवारी येतो. पण वाट माझ्या आधीची आहे. बाबांनी मान डोलावली आणि मला मराठीत म्हणाले, "शेतकरी इथून तिथून सारखाच, फक्त इथे नकाशाला घाबरतात." ते मी भाषांतर केलं नाही.

ग्वेनची मुलगी पर्थला होती. त्यांच्या राज्याची हद्द बंद, म्हणून दोन वर्षं भेट नाही, नातू झालाय तो फक्त फोनवर बघितलेला. "आणि आम्ही एकाच देशात राहतो," ती म्हणाली. हे मात्र मी बाबांना सांगितलं.

मग ती म्हणाली, "चला, विनस्टोला सोडते. या गुडघ्याने तुम्ही चार किलोमीटर जाणार नाही."

बाबांनी वाटेकडे बघितलं. त्यांनी हो म्हणू नये असं मला वाटलं, हे मला आजही आश्चर्याचं वाटतं. मी बावीस महिने ज्याची वाट बघत होते ते समोर आलं होतं, आणि मी मनात म्हणत होते, नको बाबा, बसू नका गाडीत.

"हरलो," बाबा म्हणाले, आणि दार उघडून पुढच्या सीटवर बसले.

विनस्टो

विनस्टो जरा मोठं आहे. चर्च, पोस्ट, पब, आणि अंगणात टेबलं मांडलेली एक टीरूम. ग्वेन आम्हाला दारात सोडून, "नो वरीज" म्हणत गेली. शिरीष तिथेच बसला होता. गाडीतून उतरलेले बाबा पाहून त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता तीन चहा आणि स्कोन्स मागवले. स्कोन म्हणजे साधारण नानकटाईचा थोरला, कमी गोड भाऊ. मधून फोडायचा, जॅम लावायचा, वर सायीसारखं क्रीम. बाबांनी एक खाल्ला आणि म्हणाले, चटणी शिल्लक आहे का?

मी हातावरचं अंतर मोजणारं घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. "बाबा, हे बघा. ओढ्यापर्यंत साडेपाच आणि मागे दोन. साडेसात झाले. तेवढंच अंतर ठरलं होतं. तुम्ही जिंकलात."

"गाव ते गाव ठरलं होतं," बाबा म्हणाले. "साडेसात नव्हे."

"अहो पण चाललात तेवढंच ना?"

"मोजणी अर्धी सोडून नकाशावर सही करता येत नाही. सहा महिने मी विषय काढणार नाही. झालं." आणि त्यांनी दुसरा स्कोन घेतला. रागावलेले नव्हते, हेच वाईट होतं. रागावले असते तर मला भांडता आलं असतं.

मग मात्र मला राहवेना. त्या सुंदर अंगणात, गुलाबांच्या शेजारी, दोन आज्या चहा पीत बसल्या होत्या त्यांच्यासमोर मी भोकाड पसरलं.

"तुमच्या पायांची मला कधी भीती नव्हतीच हो! चक्कर वगैरे सगळं माझं नाटक. तुम्ही गेलात आणि पुन्हा सगळं बंद झालं तर मी काय करू? शिरीषने बघितलं तसं फोनवर बघू?"

शिरीषने मान खाली घातली. बाबांनी रुमाल काढून मला दिला, इस्त्री केलेला.

"त्याची हमी मी नाही देऊ शकत, वृंदे," ते म्हणाले. "कोणीच देऊ शकत नाही. पण दोन वर्षं मी तुझ्या घरात राहतोय. फार छान ठेवलंस. तरी सकाळी पाचला जाग आली की सात वाजेपर्यंत पडून राहतो, तुझी झोप मोडेल म्हणून. मला पाच वाजता उठून माझ्या घरात भांडी वाजवायची आहेत गं. एवढंच आहे."

दोन वर्षांत हे त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. नाक पुसलं आणि फोन काढला.

"काय करतेस?"

"तिकीट काढतेय."

"अट?"

"अट मी घातली होती. मीच ती मागे घेतली. दोन किलोमीटर मागे जाऊन फाटक उघडणारा माणूस भोरला एकटा राहू शकतो. चहा प्या."

बाबा चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. सिडनी ते पुणे, एक प्रवासी, ज्येष्ठ नागरिक. पुढे फक्त जाण्याचं की जाऊन येण्याचं, असं विचारलेलं. 'फक्त जाण्याचं' वर मी बोट ठेवलं.

"हे काय करतेस?" बाबा खेकसले. "रिटर्न काढ."

"परत येणार तुम्ही?"

"नाहीतर काय? या गावात मी गाडीने आलोय. ते धरत नाहीत, चालत यायचं राहिलंय. पुढच्या नोव्हेंबरातली तारीख टाक."

मी पुन्हा रुमाल हातात घेतला होता, म्हणून तारीख शिरीषने टाकली.